'गिन नो साजी' उर्फ 'सिल्व्हर स्पून' : गोठ्यातल्या माणसांनी तर वाचाच

वाफसा

परवा रात्री अकराला या जपानी मांगाचा, म्हणजे चित्रकथेचा, शेवटचा, पंधरावा खंड संपवला. पहाटे साडेचारला धारेला उठायचं होतं, तरी झोप लागेना. घरात याबद्दल बोलायला कुणी नाही म्हणून इथे लिहिते आहे. लांबेल, आधीच सांगते.

मी फलटण तालुक्यातली. घरी अकरा जनावरं, त्यातली सात एचएफ (होल्स्टीन, परदेशी दुधाळ जात) दुधात, दोन गाभण, दोन कालवडी. सकाळची धार झाली की मी एका शीतकरण केंद्रावर दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) तपासायला जाते. मांगा म्हणजे काय हेही मला दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. मावसभाऊ पुण्याला शिकतो, दिवाळीत येताना तो पहिला खंड घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, यात नुसतं शेणच शेण आहे, तुला आवडेल." इंग्रजी भाषांतर आहे. माझं इंग्रजी बेताचंच, पण चित्रं इतकी बोलतात की अडलं नाही.

गोष्ट जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची. हाचिकेन युगो हा साप्पोरोसारख्या मोठ्या शहरातला मुलगा. हुशार, पण गुणांच्या शर्यतीत दमून गेलेला आणि वडिलांच्या नजरेला नजर द्यायला घाबरणारा. दहावीच्या वयात तो ठरवून एका कृषी शाळेत नाव घालतो. शेतीची आवड म्हणून नाही. तिथे वसतिगृह आहे आणि घरापासून लांब राहता येतं, एवढंच कारण. बाकी सगळी मुलं शेतकऱ्यांची. कुणाला घरचा गोठा चालवायचाय, कुणाला चीज करायचंय, कुणाला जनावरांचा डॉक्टर व्हायचंय आणि रक्त पाहिलं की त्यालाच भोवळ येते. सगळ्यांना आपण कशासाठी आलो ते माहीत आहे. यालाच तेवढं नाही.

तर हा मुलगा मान खाली घालून मुख्याध्यापकांना सांगतो की मला काही स्वप्नच नाही. आणि ते मुख्याध्यापक खूश होतात! खरोखर आनंदाने, छान झालं म्हणतात. मी ते पान उघडं ठेवून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. दहावीच्या निरोप समारंभात आम्हाला एकेकीला उभं करून "पुढे कोण होणार" विचारलं होतं. माझ्या आधीच्या मुली डॉक्टर, कलेक्टर, शिक्षिका सांगून बसल्या. मी उभी राहिले आणि मला काही आलंच नाही. सगळा वर्ग वाट बघत होता. शेवटी पुढचीचं नाव घेतलं गेलं. त्या दिवसापासून कितीतरी वर्षं मला वाटत होतं की माझ्यात काहीतरी कमी आहे.

यातली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायचीच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हाचिकेन मिकागे नावाच्या वर्गमैत्रिणीच्या घरी गोठ्यावर कामाला राहतो. हळूहळू हात बसतो, घरचे विश्वास टाकायला लागतात. आणि मग एक दिवस धारेच्या वेळी दुधाची नळी टाकीला जोडायची तो विसरतो. दूध वाहून जातं. टाकीत पडायचं ते फरशीवर. तो पगार नको म्हणतो. घरचे त्याला पाकीट देतात, पूर्ण कामाचं.

मी नववीत असताना आमच्या चांदीने लाथ मारली आणि भरलेली चरवी माझ्या हातून गेली. मोठी गोष्ट नव्हती, सहा-सात लिटर. पण तेव्हा दोनच गाया होत्या, त्यातली एक आटलेली. दूध शेणाच्या चरीतून वाहत गेलं, पांढरी रेघ दावणीपासून थेट उकिरड्यापर्यंत. आप्पा आले, रेघेकडे बघितलं, काही बोलले नाहीत. बादलीभर पाणी ओतून चर धुतली, गाईच्या कासेवरून हात फिरवला, कुठे लागलं नाही ना बघितलं आणि मला म्हणाले, "संध्याकाळी तूच बस धारेला." मी त्या दिवशी शाळेत जाऊन रडले होते. पाकिटाचं ते पान वाचताना मला आप्पांचं ते वाक्य वीस वर्षांनी कळलं.

चित्रकर्तीबद्दल थोडं. हिरोमु आराकावा या होक्काइदोतल्या तोकाची भागातल्या, दुधाचा धंदा असलेल्या घरातल्या. कृषी शाळेत शिकल्या, नंतर सात वर्षं घरच्या शेतावर राबल्या आणि मग चित्रं काढायला टोकियोला गेल्या. गोष्टीतली एझो कृषी शाळा ही त्या स्वतः जिथे शिकल्या त्या ओबिहिरोच्या शाळेवर बेतलेली आहे. स्वतःचं चित्र काढताना त्या चष्मा घातलेली गाय काढतात. एप्रिल २०११ ते नोव्हेंबर २०१९ हे साप्ताहिकात येत होतं, आणि २०१२ मध्ये जपानचं मांगा ताइशो पारितोषिक मिळालं. हे मी भावाकडून ऐकलं, पण त्याने सांगितलं नसतं तरी ही बाई गोठ्यातली आहे हे मी ओळखलं असतं. गाईच्या मागे उभं कसं राहायचं, ओल्या शेणावर बूट कसा सरकतो, वासराच्या तोंडात बोट दिलं की ते कसं ओढतं... बघून काढलेली चित्रं वेगळी आणि करून काढलेली वेगळी.

कुणी वाचलंय का? डुकराच्या प्रकरणाबद्दल मी मुद्दाम लिहिलं नाही. ज्यांनी वाचलंय त्यांच्याशी बोलायचंय.

चिंचोका

वाफसाताई, मी वाचलंय, पण अर्धवट सोडलं. त्याच प्रकरणाशी.

न वाचलेल्यांसाठी सांगते. शाळेत डुकराची पिल्लं असतात. त्यातलं एक अगदी मरतुकडं, भावंडांमध्ये आचळापर्यंत पोचू न शकणारं. हाचिकेनचा जीव त्याच्यावर जडतो. बाकीची मुलं सांगतात, नाव ठेवू नकोस, पुढे जड जाईल. तो नाव ठेवतोच, आणि ठेवतो काय, तर बुताडोन. म्हणजे भातावर डुकराचं मांस घालून करतात तो पदार्थ. पिल्लू पुढे कुठे जाणार हे नावातच लिहिलेलं. काही महिन्यांनी ते कत्तलखान्यात जातं. मी शाकाहारी आहे, तरी त्याच्याआधीचं सगळं मी वाचलं, कारण ते खूप प्रामाणिक होतं. पण उन्हाळ्यातल्या कामाच्या पैशांनी तो त्याच डुकराचं मांस विकत घेतो, तिथे मला पुस्तक मिटावं लागलं. पळवून का नाही नेलं? वाचवलं का नाही? लहान मुलांच्या प्रत्येक गोष्टीत वाचवतात.

वाफसा

चिंचोका, तुमचा प्रश्न मलाही पडला होता. माझं म्हणणं सांगते, पटेलच असं नाही.

एक पिल्लू वाचवलं असतं तर त्याच्या बाजूच्या खोप्यातल्या बाकीच्यांचं काय? हाचिकेनच्या मनात हे येतंच. तो शेवटपर्यंत घोटाळतो. आणि मग ते मांस दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात निनावी जाण्यापेक्षा आपल्या हातात घ्यायचं ठरवतो. स्वतः खारवून, धुरी देऊन बेकन करतो आणि सगळ्यांना वाटतो. त्याला उत्तर सापडत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं येतात, तो पुन्हा नाव ठेवतो, पुन्हा तेच दुःख करतो. लेखिकेने त्याचं दुःख बोथट होऊ दिलं नाही, हे मला फार मोठं वाटलं.

दुधावाल्यांना हे लागू नाही असं समजू नका. आमच्याकडे कालवड झाली की घरात आनंद. खोंड झालं की सगळे गप्प. एचएफचं खोंड औताला चालत नाही, पोसायला परवडत नाही. आता सॉर्टेड सीमेनची (कालवड व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची) कांडी भरून घेतो, बहुतेक कालवडच होते, पण प्रत्येक वेळी नाही. त्या खोंडाचं पुढे काय होतं हे आम्ही घरात मोठ्याने बोलत नाही. तुमच्या चहात जे दूध आहे त्याच्या मागे ते खोंड आहे. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये. मी स्वतः कितीतरी वर्षं त्या विषयाकडे पाठ करून होते, आणि या पुस्तकाने मला वळून बघायला लावलं.

चिंचोका

टोचलं नाही. खरं म्हणजे हे कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं. सोडलेला खंड परत उघडते.

तोकाची_वारी

नमस्कार. मी साप्पोरोत असतो, सहा वर्षं झाली, सॉफ्टवेअरमध्ये. हा धागा बघून राहवलं नाही. मूळचा नाशिक जिल्ह्यातला, घरी द्राक्षं.

मी हे पुस्तक वाचून गेल्या हिवाळ्यात मुद्दाम ओबिहिरोला गेलो. साप्पोरोहून गाडीने अडीच-पावणेतीन तास. डोंगर ओलांडला की एकदम सपाट जमीन लागते, आणि शेतांचे चौकोन इतके मोठे की आपल्या एकरांच्या हिशेबात डोकं चालत नाही. शेतांच्या कडेने वारा अडवायला झाडांच्या सरळ रांगा. जपानचं निम्म्याहून जास्त दूध एकट्या होक्काइदोतून येतं, हे तिथे गेल्यावर कळतं.

पुस्तकात बान्एइ शर्यती, म्हणजे घोड्यांनी वजन ओढायच्या शर्यती, आहेत ना, मिकागेचं घर ज्यात गुंतलेलं आहे, त्या बघितल्या. जगात आता फक्त ओबिहिरोत होतात. आधी होक्काइदोत चार गावांत होत असत, २००७ पासून एकच उरलं. घोडे म्हणजे आपण टांग्याला बघतो ते नव्हेत, टनाच्या आसपास वजनाचे, पायांवर झुलपं. मागे लोखंडी घसरगाडी, तिच्यावर वजनं आणि हाकणारा उभा. धावपट्टी सरळ २०० मीटर, मध्ये मातीचे दोन चढ. घोडा दुसऱ्या चढाच्या आधी थांबतो. हाकणाराच त्याला थांबवतो, दम खाऊ देतो. अंगातून वाफा निघत असतात. लोक कठड्याच्या बाजूने घोड्यासोबत चालत जातात, कारण वेग माणसाच्या चालीएवढाच. मग तो एकदम जोर करून चढतो. घोड्याचं नाक पोचून भागत नाही, गाडीचं मागचं टोक रेषेपार गेलं तरच शर्यत पूर्ण. थांबणारा घोडा हरलेला नसतो, हे तिथे बघून मला हाचिकेन नव्याने समजला.

अजून एक. या भागात जमीन फोडायला पहिल्यांदा बाहेरून लोक आले ते १८८३ मध्ये, योदा बेन्झो यांच्याबरोबर, सत्तावीस जण. त्याआधी ही भूमी आइनू लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची. आलेल्यांवर टोळधाड आली, हिमाने पिकं गेली. त्या काळाबद्दल योदांची एक ओळ तिथे सगळ्यांना पाठ आहे, अर्थ असा की जमीन फोडायच्या सुरुवातीला डुकराशी एकाच भांड्यात जेवण. त्या ओळीवरून तिथल्या एका मिठाईला नाव दिलंय, पातेल्याच्या आकाराची मिळते. मी आईला पाठवली होती. बुताडोन हे नाव त्या गावातल्या माणसाला किती खोल लागत असेल, याचा अंदाज मला ती मिठाई खाताना आला.

बांधावरचा

वारीसाहेब, २०० मीटर आणि दोन चढ वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे बैलगाडा शर्यत बंद होती तेव्हाची वर्षं आठवली. २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. मधल्या काळात आमच्या गावातली खिल्लार खोंडं घटली. शर्यत नाही तर ट्रॅक्टर असताना बैल ठेवायचा कशाला, हा प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मिकागेच्या घोड्यांचं तेच आहे. शर्यत आहे म्हणून ती जात जिवंत आहे.

पण मला लिहायचंय कोमाबाबद्दल. ज्यांना पुढची गोष्ट कळायला नको त्यांनी हा प्रतिसाद सोडा.

कोमाबा हा बेसबॉलवाला. वडील नाहीत, आई एकटी गोठा ओढते, दोन लहान जुळ्या बहिणी. याचं गणित सरळ आहे, मोठा खेळाडू व्हायचं, पैसा आणायचा आणि गोठा वाचवायचा. संघ मोठ्या स्पर्धेच्या उंबरठ्यावर हरतो. गोठा मोडतो. गाया गाडीत चढतात. तो शाळा सोडतो. आणि त्या कर्जाला जामीन कोण, तर मिकागेचे घरचे. म्हणून त्यांचे घोडे विकायला निघतात.

जपानी पुस्तकात जामीन बघून मी उठून बाहेर जाऊन आलो. माझे वडील सोसायटीत शेजाऱ्याला जामीन राहिले होते. शेजारी वाईट नव्हता. दोन वर्षं पाऊस नाही, तिसऱ्या वर्षी बोअर आटली. खातं थकलं आणि कपात आमच्या दुधाच्या बिलातून सुरू झाली. दहा दिवसांचं बिल हातात यायचं, त्यात पेंडीचे पैसे निघायचे नाहीत. बाहेरचे लोक विचारतात, जामीन राहिलातच कशाला? अहो, त्याच शेजाऱ्याने माझ्या आजोबांच्या वेळी आम्हाला सही दिली होती. गावात सही नाकारून बांधाला बांध लावून कसं राहायचं?

त्या प्रकरणात हाचिकेन तडफडतो. हुशार आहे, मनाने चांगला आहे, मित्रासाठी काहीही करेल. आणि त्याला करण्यासारखं काहीच नसतं. रक्कमच एवढी असते. एखाद्या लेखकाने इथे लॉटरी लावली असती, नाहीतर गावाने वर्गणी काढली असती. या बाईंनी गोठा रिकामा दाखवला. रिकाम्या दावणी मी बघितल्यात. वास तसाच असतो आणि आवाज नसतो.

मी तेव्हा बारावीत होतो. क्रिकेट बरं खेळायचो, जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. कॉलेज सोडून एमआयडीसीत लागलो. आता कर्ज फिटलंय, घरी तीन म्हशी आहेत. स्वतःला कोमाबा म्हणवून घेत नाही, पण तो पोरगा शाळेचं दार ओलांडून जातो ते चित्र मी मोबाईलमध्ये ठेवलंय.

वाफसा

दादा, काय बोलू. आप्पांना वाचून दाखवलं तुमचं. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "सही नाकारता येत नाही, खरंय त्याचं."

कागदी_होडी

सगळे भारावून लिहिताहेत, मलाही आवडलं, पण एक तक्रार आहेच. शेवटचे तीन-चार खंड घाईचे वाटतात. २०१४ नंतर लेखिकेच्या घरच्या आजारपणामुळे प्रकाशन सतत थांबत होतं, ते समजू शकते. पण पहिल्या दहा खंडांत एकेका ऋतूला जेवढी जागा मिळाली तेवढी पुढे अख्ख्या वर्षाला मिळत नाही. मिकागे घरचा वारसा नको म्हणते, मला घोड्यांबरोबर काम करायचंय म्हणते, तो प्रसंग सुंदर आहे. त्यानंतरचा तिचा अभ्यास मात्र भरभर उरकला. आणि मुलींपैकी तामाकोबद्दल मला अजून हवं होतं. घरचा महाकाय गोठा कसा चालवायचा हे सोळाव्या वर्षी आकड्यांत मांडणारी मुलगी मी दुसरीकडे वाचली नाही.

२०१३-१४ मध्ये आलेली ॲनिमे (जपानी कार्टून) मालिका कोमाबाच्या प्रकरणानंतर थांबते. पडद्यावर बघून थांबलेल्यांनी पुढचे खंड वाचायलाच हवेत.

वाफसा

घाईचं पटलं. पण वडिलांचा भाग मला त्या घाईतही पुरेपूर वाटला. हाचिकेन डुक्करपालनाचा धंदा काढायचं ठरवतो आणि भांडवल मागायला त्याच वडिलांकडे जातो, ज्यांच्यापासून पळाला होता. वडील त्याचे आराखडे परत पाठवत राहतात. आकडे चुकले, परत लिही. मला आधी राग आला. मग लक्षात आलं की तो माणूस प्रत्येक आराखडा शेवटच्या पानापर्यंत वाचतोय. त्याला माया तेवढ्याच भाषेत येते.

आणि धंद्याचा प्रमुख कोण, तर कुठेच नोकरी न मिळालेला वरच्या वर्गातला ओओकावा. स्वप्न एकट्याचं राहतच नाही. हाचिकेनला ते आकाशातून सापडत नाही. टाकून दिलेली विटांची भट्टी साफ करून मुलांना पिझ्झा खाऊ घालताना, बेकन करताना, दुसऱ्याच्या अडचणीला नाही म्हणता न येताना ते त्याच्या हाताला चिकटत जातं. मला फॅट तपासायचं काम मिळालं तेव्हा मी ते पगारासाठी घेतलं. आता कॅन उघडल्यावर वासावरून मला कळतं की कुठल्या घरची गाय आजारी पडणार आहे, आणि मी फोन करते, सड तपासा म्हणून. हे माझं स्वप्न होतं का? नव्हतं. आता आहे.

पाटीपेन्सिल

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते. कोथरूडला राहते. माझा मुलगा यंदा दहावीला. सगळे क्लास लावलेत. गेल्या महिन्यात त्याने आम्हाला सांगितलं की त्याला काहीच व्हायचं नाहीये. त्याचे बाबा चिडले, मी घाबरले. समुपदेशनाच्या एका ठिकाणी नेलं, तिथे त्याला करिअरचे सतरा पर्याय छापून दिले. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत बोलला नाही.

तुमचा धागा काल रात्री वाचला. मुख्याध्यापकांचा प्रसंग त्याला सांगितला. तो म्हणाला, "खरंच असं म्हणाले?" बऱ्याच दिवसांनी त्याने मला उलट प्रश्न विचारला.

मला विचारायचं होतं की हे त्याच्या वयाला चालेल का? कत्तलखान्याचं वगैरे आहे म्हणून.

कागदी_होडी

चालेल. कत्तलखान्याची चित्रफीत वर्गात दाखवतात तिथेही शिक्षक आधी सांगतात, ज्याला बघायचं नाही त्याने बघू नये, त्यात कमीपणा नाही. पुस्तक वाचकालाही तसंच सांभाळून नेतं.

बांधावरचा

ताई, सतरा पर्यायांचा कागद राहू द्या. त्याला जेवायला काय आवडतं ते विचारा आणि ते कुठून येतं ते बघायला पाठवा. हाचिकेनचं तसंच सुरू झालं. कोंबडीच्या अंगातून अंडं कुठून येतं हे बघून त्याला किळस आली होती, आणि तेच अंडं गरम भातावर खाल्लं तेव्हा तो गप्प झाला.

पाटीपेन्सिल

त्याला खरवस आवडतो. फक्त खरवस. बाकी दूध पीत नाही.

वाफसा

मग घेऊन या की! आमची एक गाय या पंधरवड्यात विणार आहे, तिसरं वेत. चीक निघेल. आधी वासराला पोटभर, मग उरला तर खरवस. ते आधी वासराला का, हे त्याला इथेच कळेल. कोथरूडहून फलटणला तीन तास धरा. आदल्या रात्रीच या, आमच्याकडे जागा आहे, आई वाट बघेल.

पाटीपेन्सिल

त्याला विचारलं. तो येतो म्हणतोय. धार किती वाजता असते?

वाफसा

पावणेपाचला पहिली गाय. त्याला गमबूट आणायला सांगा, नसतील तर आप्पांचे आहेत, थोडे मोठे होतील. आणि मोबाईल घरात ठेवू दे, चांदीची नात नव्या माणसाला बघून पाय झाडते.